ऑपरेशन गुडघ्याचे, तयारी त्वचेची

"मावशी, उद्याचे ऑपरेशन मी करणार नाही."

डॉक्टरसाहेबांनी अम्मीच्या पायांवर चादर पुन्हा नीट ओढली आणि शांतपणे हे सांगितले. खोलीत आम्ही तिघे होतो: अम्मी, भाईजान आणि मी. क्षणभर कोणालाच काही सुचेना.

अम्मीचे वय ६६. दोन्ही गुडघे झिजलेले. चार वर्षांपासून ती खुर्चीवर बसून नमाज पढते. उमऱ्याला जावे, तवाफ व्हीलचेअरवर नव्हे तर स्वतःच्या पायांनी करावा, एवढीच तिची इच्छा. भाईजान त्यासाठी कुवेतहून वीस दिवसांची रजा काढून आले होते. पैशांची जुळवाजुळव झाली होती. भाभींनी अम्मीचा पलंग माडीवरून खाली आणला होता, संडासात कमोडची खुर्ची बसवली होती. घरदार तयार होते. तयारी राहिली होती ती फक्त अम्मीच्या त्वचेची आणि ते आम्हा कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

भरती केल्यावर नर्सने पाय तपासले तेव्हा दोन गोष्टी आढळल्या. उजव्या नडगीवर वस्तऱ्याचे तीन बारीक ओरखडे होते, त्यांवर रक्त सुकलेले. आणि डाव्या पायाच्या शेवटच्या दोन बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी, भिजकी होऊन सोलवटली होती. आपण ज्याला चिखल्या म्हणतो, त्या.

ओरखडे माझ्या हातचे होते. आदल्या रात्री अम्मी म्हणाली, "इतक्या लोकांसमोर पाय उघडा पडणार, निदान साफ तरी दिसू दे." मी नवे ब्लेड आणले, साबण लावला आणि मोठ्या मायेने तिच्या पायावरचे केस काढले. दर सोमवारी वर्गातल्या मुलांची नखे तपासणारी मी. मला वाटले, आपण चांगलेच काम करतो आहोत.

चिखल्यांचे अम्मीला जुलैपासून ठाऊक होते. तिने कोणाला सांगितले नाही. "तारीख पुढे गेली असती, बेटा," ती नंतर म्हणाली.

भाईजान मात्र संतापले. "एवढ्याशा ओरखड्यांसाठी? आणि चिखल्या तर दुसऱ्या पायाला आहेत. ऑपरेशन उजव्या गुडघ्याचे आहे ना?" डॉक्टर त्यांच्यावर रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि अर्धा तास समजावत राहिले. त्या अर्ध्या तासात मला जे कळले, आणि नंतर वाचून व विचारून जे पक्के केले, ते सगळे वाचकांपुढे ठेवते आहे. आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आज कोणाची ना कोणाची अम्मी, सासू किंवा खाला गुडघा बदलण्याच्या वाटेवर आहे.

आपल्या त्वचेवर कोण राहते?

माणूस कितीही स्वच्छ असला तरी त्याच्या त्वचेवर असंख्य जंतू राहतात. त्यांतले दोन हाडांच्या डॉक्टरांच्या विशेष ओळखीचे आहेत: स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस. पहिला जवळजवळ सगळ्यांच्याच कातडीवर असतो. दुसरा दहांपैकी साधारण तीन जणांच्या नाकात मुक्काम करून असतो. एरवी ते बाहेर राहतात, आपण आत. भांडण नसते. कातडीला चीर पडली की वाट उघडते.

साध्या जखमेत जंतू शिरले तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. कृत्रिम सांध्याचे तसे नाही. तो धातूचा आणि प्लॅस्टिकचा असतो, त्यात रक्त फिरत नाही. थोडेसे जंतू त्या धातूवर चिकटले तरी ते स्वतःभोवती चिकट पापुद्रा तयार करतात. विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरते तसा. या पापुद्र्याखाली लपलेल्या जंतूंपर्यंत शरीराच्या पेशी पोहोचत नाहीत आणि औषधही नीट पोहोचत नाही.

असा संसर्ग शंभरांत एखाद्या-दोघांनाच होतो. पण ज्याला होतो त्याचे हाल फार. लवकर लक्षात आला तर सांधा उघडून धुतात, मधले प्लॅस्टिक बदलतात. उशीर झाला तर बसवलेला सांधा काढावा लागतो, तिथे अँटिबायोटिक मिसळलेले सिमेंट भरतात, कित्येक आठवडे औषधे चालतात आणि मग पुन्हा नवा सांधा. आमच्याच गल्लीतल्या एका खालांची एका गुडघ्यासाठी तीन ऑपरेशने झाली. त्यांना संसर्ग कशाने झाला ते आता सांगता येणार नाही. सगळे नियम पाळूनही कधी कधी होतो. पण त्या दीड वर्षात त्यांच्या मुलाने रिक्षा विकली, हे मी पाहिले आहे.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वसामान्य घरांना त्याचा आधार झाला. तरीही एकाच गुडघ्यासाठी तीनदा खर्च करणे कोणाला परवडणार?

वस्तरा का नको?

माझी चूक इथेच होती. वस्तरा फिरला की कातडीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य चिरा पडतात. त्यांतून लस पाझरते आणि काही तासांत तिथे जंतू वाढू लागतात. ज्या जागेवर चीर द्यायची, त्याच जागी आपण जंतूंना घर बांधून देतो. पूर्वी रुग्णालयांतही आदल्या रात्री वस्तऱ्याने केस काढायची पद्धत होती. आता ती चुकीची मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली शस्त्रक्रियेतील संसर्ग टाळण्यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत स्पष्ट म्हटले आहे की केस शक्यतो काढूच नयेत. काढावेच लागले तर मशीनने बारीक कापावेत. वस्तरा कधीच वापरू नये.

केस काढण्याचे क्रीमही स्वतःच्या मनाने लावू नये. त्याने कातडी भाजल्यासारखी होऊ शकते. आपल्याकडे काखेतले आणि इतर केस ठरावीक दिवसांत काढण्याची रीत आहे. ती सफाई ऑपरेशनच्या निदान आठवडाभर आधी उरकून घ्यावी. पायाच्या केसांना घरी हात लावू नये. लागलेच तर रुग्णालयातले लोक ऑपरेशनच्या थोडा वेळ आधी मशीनने कापतात. अम्मीसारखी लाज वाटत असेल तर स्त्री परिचारिका मागावी. आणि ऑपरेशनच्या वेळी सगळे शरीर निर्जंतुक कापडांनी झाकलेले असते, उघडा राहतो तो फक्त गुडघ्याचा भाग, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगावे. त्यांची निम्मी भीती जाते.

चिखल्या, बिब्बा आणि हिजामा

भाईजानचा दुसरा प्रश्न होता चिखल्यांचा. बोटांच्या बेचक्यात कातडी फाटली की ती जंतूंची उघडी वाट होते. तिथून शिरलेला जंतू रक्तावाटे फिरून नव्या सांध्यापर्यंत जाऊ शकतो. म्हणून जखम उजव्या पायाला की डाव्या, याने डॉक्टरांचा निर्णय बदलत नाही.

कोकणात पावसाळ्यात चिखल्या होतातच. त्यात अम्मीला मधुमेह. आणि तिसरे कारण मला त्या दिवशी प्रथम समजले. वुजू करताना आपण पायाच्या बोटांत खिलाल करतो, बोट घालून पाणी आतपर्यंत पोहोचवतो. चांगलेच करतो. पण पुसतो का? अम्मी दिवसातून पाच वेळा ओल्याच पायांनी चपलांत पाय घालायची. वुजूनंतर पाय पुसायला बहुतेक उलेमांची हरकत नाही. एक सुती फडका वेगळा ठेवावा, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या कराव्यात आणि तो फडका रोज धुवावा. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने ही सवय लावून घ्यावी, ऑपरेशन असो वा नसो.

चिखल्यांप्रमाणेच आणखी काही गोष्टी आपण डॉक्टरांपासून लपवतो. गुडघेदुखीवर बिब्बा लावल्याने कातडी उतलेली असते. कोणी डागून घेतलेले असते. कोणी गुडघ्याभोवती हिजामा करवून घेतलेला असतो. हिजाम्यात कातडीला बारीक छेद देतात. ते भरून येण्याआधी त्या जागी सांध्याचे ऑपरेशन करणे धोक्याचे. हिजामा करावा की नाही हा इथे प्रश्नच नाही. पण ऑपरेशन ठरले की गुडघ्याजवळ तो करू नये, केला असेल तर तारखेसह सांगावे. गुडघ्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतले असेल तर तेही सांगावे, कारण त्यानंतर साधारण तीन महिने ऑपरेशन न करणे बरे समजतात.

किडलेला दात, लघवीची जळजळ, नखाजवळचा पू, मांडीवरचा नायटा, टाचेच्या भेगा: यांतले काहीही असले तर बोलायचे. तारीख पुढे जाईल, जाऊ द्यावी.

पाकी आणि जंतू

अम्मीला सर्वांत जास्त दुःख एका गोष्टीचे झाले. "मी पाच वेळा वुजू करणारी बाई. मला नापाक म्हणाले का ते?" डॉक्टर तसे काही म्हणाले नव्हते. पण तिच्या मनातला गोंधळ आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात असतो.

तहारत ही इबादतीची अट आहे. वुजू-गुस्लाने माणूस नमाजसाठी पाक होतो. त्याने मळ जातो आणि पुष्कळ जंतूही जातात, यात शंका नाही. पण त्वचेतले काही जंतू केसांच्या मुळाशी आणि तेलाच्या ग्रंथींत खोल बसलेले असतात. ते पाण्याने निघत नाहीत, साबणानेही पूर्ण निघत नाहीत. ते इमामसाहेबांच्या त्वचेत असतात, डॉक्टरांच्याही असतात. म्हणून तर डॉक्टर हात घासून धुतल्यावरही वर हातमोजे घालतात. डॉक्टरांचे म्हणणे एवढेच की त्या दिवशी त्या जागेवरचे जंतू शक्य तितके कमी करायचे. मी अम्मीला हे असे सांगितले तेव्हा ती गप्प बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "मग ते काय सांगतात ते सगळे लिहून घे."

घरी करायची तयारी

मी लिहून घेतले ते असे. प्रत्येक रुग्णालयाच्या सूचनांत थोडा फरक असतो. आपल्या डॉक्टरांचे सांगणे सर्वांत वर ठेवावे.

एक-दोन महिने आधी: मधुमेह ताब्यात आणावा. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी करून घ्यावी. साखर वाढलेली असली की जखम उशिरा भरते आणि जंतूंचे फावते. विडी, सिगारेट, तंबाखू, मिसरी बंद करावी. निदान चार आठवडे आधी तरी. पाय रोज उजेडात बघावेत. म्हाताऱ्या माणसाला वाकून बेचक्या दिसत नाहीत, म्हणून हे काम मुला-सुनांनी करावे.

आदल्या आठवड्यात: वस्तरा नाही. जोरकस मालीश नाही. नाकातल्या जंतूंची तपासणी सांगितली असेल तर करावी. ऑरियस आढळला तर नाकात लावायचे मलम देतात, ते ठरल्याप्रमाणे पूर्ण दिवस लावावे. ताप, खोकला, नवी जखम झाली तर लगेच फोन करावा.

आदली रात्र आणि सकाळ: साबण लावून सर्वांगाची आंघोळ करावी. पुष्कळ रुग्णालये क्लोरहेक्सिडीन नावाचे द्रावण देतात. ते मानेखाली लावायचे, डोळे, कान, तोंड आणि नाजूक भागाच्या आत जाऊ द्यायचे नाही, सांगितलेला वेळ अंगावर ठेवून मग धुवायचे. पुरळ उठली किंवा जास्त आग झाली तर थांबावे आणि कळवावे. हे द्रावण मिळाले नाही म्हणून घाबरू नये. साधा साबणही चालतो, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. आंघोळ टाळायची मात्र नाही. गुस्लाची नियत करून हीच आंघोळ केली तर दोन्ही साधते. फक्त घाई न करता बेंबी, काखा, जांघा, गुडघ्यांमागची जागा आणि बोटांच्या बेचक्या नीट धुवाव्यात.

त्यानंतर धुतलेला टॉवेल, धुतलेले कपडे, धुतलेली चादर. अंगाला तेल, पावडर, क्रीम, अत्तर काही नाही. बांगड्या, नथ, अंगठी, पायातला काळा दोरा, तावीज काढून घरच्या माणसाजवळ द्यावे. नखे कापलेली असावीत, नेलपॉलिश नसावे. बोटाला लावतात त्या प्राणवायू मोजणाऱ्या यंत्राला त्याची अडचण होते, गडद मेहंदीचीही होऊ शकते. बाजारातल्या काळ्या मेहंदीने तर कातडीवर फोडही येतात. ती लांबच ठेवावी.

थिएटरमध्ये काय होते?

तिथे पुन्हा सगळा पाय औषधाने धुतात. आज यासाठी अल्कोहोलमध्ये मिसळलेले क्लोरहेक्सिडीन वापरावे असा सल्ला आहे. अल्कोहोल जंतूंना झटकन मारते आणि उडून जाते. क्लोरहेक्सिडीन कातडीला धरून राहते आणि पुढे कित्येक तास काम करते. औषध लावून ते आपोआप वाळेपर्यंत, निदान तीन मिनिटे, थांबतात. ओले राहिले तर पूर्ण काम होत नाही, शिवाय रक्त थांबवण्याच्या विजेच्या उपकरणाने पेट घेण्याचा धोका असतो. चीर देण्याआधी दोन तासांच्या आत शिरेतून अँटिबायोटिक देतात.

हे सहज सुचलेले नाही. १८६५ साली ग्लासगोत जोसेफ लिस्टर यांनी गाडीचे चाक पायावरून गेलेल्या ११ वर्षांच्या मुलाची जखम कार्बोलिक अॅसिडने स्वच्छ ठेवली आणि त्याचा पाय वाचला. त्या काळी अशी जखम म्हणजे पाय कापणे किंवा मृत्यू. पुढे १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये आधुनिक खुब्याचा सांधा बसवणारे जॉन चार्नली यांना सुरुवातीच्या काळात संसर्गानेच सतावले. त्यांनी थिएटरमधली हवा, कपडे, हातमोजे, एकेक गोष्ट सुधारत नेली. सुमारे ७ टक्क्यांवर असलेला संसर्ग १ टक्क्याच्या खाली आला.

अल्कोहोलचे नाव ऐकून आपल्याकडे काही जण दचकतात. मक्केत जानेवारी २००२ मध्ये झालेल्या राबिता आलमे इस्लामीच्या फिकह परिषदेने जखम स्वच्छ करण्यासाठी आणि जंतू मारण्यासाठी अल्कोहोल बाहेरून वापरण्यास परवानगी दिली आहे. मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना आधीच विचारून घ्यावे. ऑपरेशनच्या टेबलावर वाद नको.

नंतरची वुजू

ऑपरेशननंतर अम्मीला वाटले, आता वुजूच्या पाण्याने पट्टी भिजणार. पण वुजूत पाय घोट्यांपर्यंतच धुवायचे असतात. गुडघ्याची पट्टी त्याच्या बरीच वर. बादलीऐवजी तांब्याने धुतले आणि लगेच पुसले तर काही अडत नाही. गुस्लाच्या वेळी पट्टीवर मसह किंवा तयम्मुमची सवलत आहे. तिचा तपशील आलिम सांगतील. पट्टी डॉक्टर सांगतील तेव्हाच उघडावी. जखमेवर हळद, राख, दम केलेले तेल काहीही लावू नये. दुआ जरूर पढावी, फुंकर जखमेवर घालू नये. जखमेतून पाणी येणे, लाली वाढणे, ताप, वाढता ठणका दिसला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

सहा आठवड्यांनी

अम्मीचे ऑपरेशन सहा आठवडे पुढे गेले. बेचक्यांना मलम लावून आणि पाय कोरडे ठेवून चिखल्या बऱ्या झाल्या, साखर उतरली, ओरखडे भरले. भाईजानची रजा संपली होती. त्यांनी अम्मीला थिएटरमध्ये नेताना मोबाइलवर पाहिले, आणि त्या दिवशी त्यांनी जेवण केले नाही हे भाभींनी मला नंतर सांगितले. आज अल्हम्दुलिल्लाह अम्मी मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत काठीशिवाय जाते. नमाज अजून खुर्चीवरच आहे. दुसरा गुडघा बाकी आहे.

एक गोष्ट कबूल करायला हवी. वस्तरा वापरू नका, जखम असल्यास कळवा, हे सगळे रुग्णालयाने दिलेल्या कागदावर लिहिलेले होते. कागद इंग्रजीत होता. मी तो फाइलमध्ये नीट लावला होता आणि वाचला नव्हता. शिकलेल्या घरात असे झाले. ज्या घरात इंग्रजी वाचणारे कोणीच नाही, तिथे त्या कागदाचे काय होत असेल?

म्हणून मी त्या सूचना मराठीत आणि उर्दूत लिहून काढल्या, डॉक्टरांकडून तपासून घेतल्या. आता गावात कोणाचे गुडघ्याचे ऑपरेशन ठरले की आमच्या शाळेतल्या मुली ते दोन कागद घेऊन त्या घरी जातात आणि आजीला मोठ्याने वाचून दाखवतात. मागच्या महिन्यात असाच कागद ऐकल्यावर एका आजींनी आपला मोजा काढून सुनेला टाच दाखवली. तिथली भेग त्यांनी तीन आठवडे लपवली होती.